सुमाने नको म्हटलं नव्हतं

हे लिहायला बसलो तेव्हा ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं दोनच होती. एक मी. दुसरी माझी बहीण सुमा — आणि तिला ती सांगता येत नाही. म्हणजे ऐकणारे पहिले तुम्हीच. तुमचं नाव मला ठाऊक नाही हे बरं आहे. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत हे माझ्याच्याने झालं नसतं. सात वर्षं झालं नाहीच.

सुरुवात कुठून करू? खरं तर डॉक्टरांच्या खोलीतून करायला हवी. पण आठवायला लागलो की मन तिथे जात नाही, ते वाडीत जातं.

घिवलीच्या अलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. मागे पानवेलींची वाडी. पानवेलीत चपला घालून कुणी जात नसे. पहाटेची ओली रेताड माती तळव्यांना लागायची, वर सावलीच्या झाडांची दाटी, त्यामुळे बाहेर उन्हाचा कडाका असला तरी आत गारवा. बाबा अंगठ्याला पत्र्याची नखी लावून पानं खुडायचे. ती पानं ओटीवर आली की मी आणि सुमा निवडायला बसायचो — मोठी एका बाजूला, लहान एका बाजूला, फाटकी घरच्यांसाठी. सुमा माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण माझी एक जुडी होईपर्यंत तिच्या तीन झालेल्या असत. आणि तोंड चालूच. पानांशीसुद्धा बोलायची ती. एखादं पान किडलेलं निघालं की, “तुला कुनी खाल्लं रं?” असं त्यालाच विचारायची. जुड्या केळीच्या पानात गुंडाळून करंडीत घालायच्या, करंडी सायकलला बांधून मी बोईसर स्टेशनवर नेऊन द्यायचो. परत आलो की सुमा दारात उभी. गाडी वेळेवर होती का, करंडी कुणी उचलली, स्टेशनात कोण कोण भेटलं — सगळं सांगितल्याशिवाय ती मला भाकरीला बसू देत नसे.

तिच्या पोटात काही राहायचं नाही. आम्ही सगळे हसायचो त्यावरून. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी हेच माझ्या सोयीसाठी वापरलं.

मी दहावीत होतो तेव्हा बाबा वाडीत पडले. दोन ओळींमधल्या पाटात, पाणी वाहत असताना. हातपाय झटकत होते. आई आतून यायच्या आधी सुमाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तोंडात चिखल जाऊ नये म्हणून हाताने गाळ बाजूला सारत होती. दहा-अकरा वर्षांची पोर. थोड्या वेळाने बाबा उठून बसले, म्हणाले, काय नाय झालं, चा टाका.

पण वाडीला माणसं जमली होती. आमच्या बांधावर उभं राहिलं की सुरूच्या झाडांवरून अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसते. कोणी तरी तिकडे बघितलं आणि म्हणालं, “हवा लागली याला.” झालं. आमच्याकडे ही बोलायची पद्धतच आहे. कुणाला गाठ निघो, कुणाचं मूल अशक्त जन्माला येवो, बोलता बोलता माणसं त्या बाजूला बघतात. त्यात किती खरं, किती खोटं, मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की बाबांना हवा लागली नव्हती. पण हे कळायला पुढे तीसेक वर्षं जावी लागली. बाबा तर चार वर्षांतच गेले. डोक्यात रक्तस्राव झाला. सुमाने ती हवा मनात पक्की धरली ती तेव्हापासून.

पुढचं भरभर सांगतो. मला बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी लागली, मी पालघरला राहायला आलो. नंदाशी लग्न, मग केतकी. सुमाचं लग्न गावातच झालं. दिनकरराव स्वभावाने शांत, त्यांचीही पानवेलींची वाडी होती. त्यांना एक मुलगी, पल्लवी. दर दिवाळीला आम्ही गावी जायचो आणि सुमा मला जेवताना सगळ्या गावाची खबर द्यायची. मध्येच डोकं धरून बसायची. कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं असायचं. तेव्हा मी म्हणायचो, एवढं बोलतेस, दुखणारच. हसायची.

सात वर्षांपूर्वी स्टोअरमध्ये, पिंपांची मोजदाद करताना, मी पडलो. अगदी बाबांसारखा. मुंबईच्या इस्पितळात डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाई साधारण चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर दाखवलं — मेंदूत जागोजागी रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके, तुतीच्या फळासारखे. भिंती पातळ, कधी पाझरतील, कधी फुटतील सांगता येत नाही. काहींचे जन्मभर गप्प बसतात. मग रक्त तपासायला गेलं आणि पाच-सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. एका जनुकाचं नाव त्यात होतं, क्रिट-वन, एखाद्या गोळीचं असावं तसं. बाईंनी समजावलं, की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींनी एकमेकींना घट्ट धरून राहावं, हे पाहणं या जनुकाचं काम. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात. माझी एक बिघडलेली. बाबांकडून आलेली असणार.

मी विचारलं, आमच्या गावाजवळ अणुवीज केंद्र आहे, त्याने तर —

त्या म्हणाल्या, “नाही. हे तुमच्याकडे जन्मापासून आहे. आणि तुमच्या मुलीला, बहिणीला असण्याची शक्यता निम्मी निम्मी. बहिणीला डोकेदुखी आहे म्हणालात ना? तिला आधी आणा.”

त्यांनी एक पत्रही दिलं. नातेवाइकांसाठी असं वेगळं पत्र देतात हे मला तेव्हा कळलं. साध्या भाषेत लिहिलेलं, की तुमच्या कुटुंबात असा असा बदल सापडला आहे, आपण तपासून घ्यावं. खाली बाईंची सही. मला फक्त ते सुमाच्या हातात द्यायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती.

आता त्या दिवसांत दोन गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे केतकीचं लग्न ठरत आलं होतं. आमचा समाज पाच-पंचवीस गावांचा, सकाळी एका ओटीवर बोललेलं दुपारी दुसऱ्या गावात पोचतं. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे शब्द एकदा फिरले असते तर? आणि सुमाच्या पोटात काही राहत नाही. हे माझं कारण. ऐकायला बरं वाटतं, नाही? बापाचं कारण आहे.

दुसरी गोष्ट — सुमा गाव सोडत होती.

मी पडल्याचं कळलं तशी ती इस्पितळात आली होती. खाटेशी उभी राहून रडली नाही, संतापली. “बाबांना लागली, आता तुला लागली. लहानपनी तू बी तिथलंच पानी प्यायलास ना, दादा? आता मी कुनाची वाट बघू, पल्लवीची?” दिनकरराव म्हणाले, अगं वाडी हाय, वेली हायेत. तर म्हणे, “वेली तुमी बघा. मी पोरीला घेऊन चालले.” महिन्याभरात त्यांनी बोईसरजवळ, कारखान्यांच्या बाजूला, सरावलीला दोन खोल्या बघितल्या. दिनकररावांनी कारखान्यात काम धरलं. वाडी शेजाऱ्याला कसायला दिली.

टेम्पो भरायला मी गेलो होतो. पाटा-वरवंटा, करंड्या, आईची पितळी घागर मी स्वतः उचलून ठेवली. निघताना सुमा अनवाणी वाडीत गेली, बराच वेळ आली नाही. मी बाहेर चपला घालून उभा. रिपोर्ट तेव्हा चार दिवस माझ्या कपाटात होता. एक वाक्य — सुमा, नको जाऊस, हे इथल्या हवेचं नाही. एवढं बोललो असतो तर तिने टेम्पोतलं सामान खाली उतरवलं असतं. ती बाहेर आली, हातात दोन पानं होती. एक मला दिलं. मी ते खाल्लं.

हे सगळं सांगून झालं तरी अजून मी मूळ गोष्टीवर आलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. येतो.

केतकीची तपासणी करायलाच हवी होती, म्हणून नंदाला आणि तिला मी खरं सांगितलं. लग्नाआधी तिचं रक्त तपासलं. तिच्यात तो बदल नव्हता. त्या दिवशी इस्पितळातून बाहेर पडून आम्ही तिघांनी समोरच्या हॉटेलात डोसा खाल्ला, आणि नंदा खाता खाता रडायला लागली, हसायलाही लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता वन्संना सांगा. आता कशाला थांबायचं?”

बरोबर होतं तिचं. आता लपवायला कारणच उरलं नव्हतं. मी म्हटलं, रविवारी जातो. मी एकटाच जातो.

आणि गेलो. पत्र खिशात घेऊन गेलो. हिवाळ्याचे दिवस होते. सुमाने सरावलीच्या गॅलरीत, विटा मांडून, उकडहंडी लावली होती — कंद, रताळी, वालाच्या शेंगा, सगळं मडक्यात घालून, तोंडाला पाला कोंबून, घरी करायचो तश्शी. शेजारची बिहारी बाई दारातून विचारत होती, “दीदी, ये मटका उल्टा काहे रखा है?” सुमा तिला तिच्या हिंदीत सांगत होती, “उलटा रखेगा तोच पकेगा. तुम खाके देखो, फिर गाव नहीं जायेगा.” पल्लवी आत हसत होती. कारखान्यांचा आंबूस वास सगळीकडे. मी नाक मुरडलं तर सुमा म्हणाली, “हितं वास येतो तरी कळतो रे. तिथली हवा वास न मारता खाते.” मग जवळ येऊन, मोठं गुपित सांगावं तसं म्हणाली, “दादा, हितं आल्यापासून माझं डोकं दुखायचं कमी झालंय. खरंच.”

तिचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिला वाटत होतं, तिने पोरीला वाचवलं. मी काय सांगणार होतो? की तू ज्यापासून पळालीस ते तू बरोबर घेऊन आलीस? आणि हे मला टेम्पो भरतानाच माहीत होतं? मी उकडहंडी खाल्ली, पोटभर खाल्ली. तिने विचारलं, वाडीत जाऊन आलास का, वेली कशा हायेत? मी म्हटलं, हिरव्यागार. गेलोच नव्हतो. शेजाऱ्याने पाणी नीट दिलं नव्हतं, निम्म्या वेली सुकल्या होत्या, हे मला फोनवर कळलं होतं.

घरी आलो. नंदा दारातच. काय म्हणाल्या?

तुम्हाला वाटेल, मी म्हटलं असेन की जमलं नाही, पुढच्या वेळी सांगतो. तेही चाललं असतं. नंदाने मला चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सरावलीला गेली असती. ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मी म्हटलं —

“सांगितलं. ती म्हणाली, मला काय तपासायचं नाय. परत हा विषय माझ्यासमोर काढू नका. आणि पल्लवीला तर अजिबात सांगू नका.”

मी तिच्या आवाजात, तिच्या बोलीत सांगितलं. जमलंही छान. ते शेवटचं वाक्य का जोडलं? पल्लवी शिकलेली, नंदा तिच्याशी बोलली असती, आणि माझं खोटं दोन दिवसांत उघडं पडलं असतं. तेव्हा मी बहिणीच्या तोंडून तिच्याच मुलीचा रस्ता बंद केला. ठरवून. पत्र दुसऱ्या दिवशी कारखान्यात जुन्या चलनांच्या गठ्ठ्यात सरकवलं. तो गठ्ठा रद्दीत गेला.

नंदाने माझ्यावर विश्वास ठेवला. केतकीनेही. उलट त्यांच्या मनात सुमाबद्दल आदर वाढला — धीराची बाई, ठाऊक असून हसत असते. सणावाराला सुमा डोकं दाबत बसली की नंदा तिच्या हातातलं काम काढून घ्यायची आणि काही बोलायची नाही. सुमा मला म्हणायची, वहिनी हल्ली किती माया करते रे. सहा वर्षं हे माझ्यासमोर चाललं. मधल्या काळात दिनकरराव हृदयविकाराने गेले. सुमाला काही ठाऊक नव्हतं असं तिच्याशिवाय सांगू शकणारं एकुलतं माणूस गेलं, हे मला त्यांच्या दहाव्यालाच सुचलं होतं. असं सुचणारं मन माझं आहे. तुम्हाला सांगून ठेवतो.

मागल्या वर्षी, भर दुपारी, बोईसरच्या बाजारात सातपाटीहून आलेल्या कोळणीशी घासाघीस करता करता सुमा खाली बसली. त्या बाईने तिला धरलं, रिक्षात घातलं, टोपली तशीच सोडून इस्पितळापर्यंत आली. डोक्यातला झुबका फुटला होता. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं काही? आणि नंदाने, पल्लवीच्या देखत, सांगून टाकलं. “ह्यांना आहे. वन्संना सांगितलं होतं सहा वर्षांपूर्वी. त्यांनी तपासायला नको म्हटलं. पल्लवीला सांगू नका म्हणाल्या.”

पल्लवी नंदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी मान हलवली. होकारार्थी.

सुमा वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द येत नाहीत. एकच उरला आहे, “नाय.” चहा हवा का, नाय. हवा असतो. कुशीवर वळायचं का, नाय. वळायचं असतं. जी बाई दिवसभर बोलायची तिच्याजवळ हा एक शब्द राहिला.

घरी आणल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशी, पल्लवी तिच्या समोर बसली. मी खुर्चीत मोसंबं सोलत होतो. पल्लवी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, “आई, तुला ठाऊक होतं? माझ्यात पण असू शकतं हे ठाऊक होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस?”

सुमाने आधी काही न कळून तिच्याकडे बघितलं. मग जोरजोरात, “नाय. नाय, नाय.”

पल्लवी म्हणाली, “तू सगळ्यालाच नाय म्हणतेस.”

तेव्हा सुमाने मान माझ्याकडे वळवली. सावकाश. माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की तिला कळलं हे मला कळलं. काय झालं असेल, कुणी केलं असेल, सगळं कळलं. ती खरं बोलत होती आणि तिचं ऐकणारं घरात कुणी नव्हतं, मी सोडून. मी मोसंब्याच्या बिया काढत राहिलो. ती फोड मी तिच्या तोंडाजवळ नेली. तिने तोंड मिटून घेतलं.

त्यानंतर अकरा महिने. पल्लवीने आईचं काही कमी केलं नाही. आंघोळ, औषधं, व्यायाम, सगळं घड्याळ लावून. फक्त बोलत नाही. वेणी घालते तीही भांडं पुसावं तशी. सुमा डाव्या हाताने तिचा पदर, ओढणी धरायला बघते, पल्लवी सोडवून घेते आणि कामाला जाते. मी दर रविवारी हे बघत होतो. आता तुम्ही सांगा — नको, सांगू नका.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आधी कळलं तरी सगळंच टळतं असं नाही. हे वाक्य मी खूप दिवस उशाशी घेऊन झोपलो. डोक्यातलं टळलं नसतं कदाचित. पण पल्लवीच्या मनात आईबद्दल जे बसलं, ते कुठल्या जनुकाने केलं नाही.

इथपर्यंत लिहून वही आठ दिवस बंद ठेवली. काल रविवारी सरावलीला गेलो. नंदाला बरोबर नेलं. सुमा खुर्चीत बसलेली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर जमलं नसतं. म्हटलं, पल्लवी, तुझ्या आईला मी काही सांगितलंच नव्हतं. तिने नको म्हटलं नव्हतं. तुला सांगू नका, हेही तिचं नव्हे. ते सगळं माझं.

नंदा भिंतीला टेकली. एकच बोलली, “आणि माझ्या तोंडून वदवलंत.” पल्लवी आईजवळ खाली बसली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि सुमाचा डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. बराच वेळ. मग पल्लवीने मान न उचलता म्हटलं, “मामा, तुमी जा आता.”

मी निघालो. नंदा मागे थांबली, आज दुपारी घरी आली. तिच्याकडून एवढं कळलं, की पल्लवीचं रक्त सहा महिन्यांपूर्वीच तपासून झालं आहे, रिपोर्टही आला आहे. काय निघालं ते पल्लवीने नंदाला सांगितलं. मला सांगायचं नाही, असंही सांगितलं.

मी विचारलं नाही.